गावठाण गेले, शिवार राहिले : कॅन्ससच्या माळावरील निकोडेमस

मार्च १८८७. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळच्या निकोडेमस टाउनशिपमध्ये, म्हणजे गाव आणि भोवतीचे शिवार मिळून झालेल्या प्रशासकीय भागात, मतदान झाले. प्रश्न एकच होता : मिसूरी पॅसिफिक ही रेल्वे कंपनी गावातून रूळ टाकणार असेल, तर तिला १६,००० डॉलरचे कर्जरोखे द्यायचे का? मतदारांनी होकार दिला. मतदान करणाऱ्यांत बरेच जण असे होते, की बावीस-तेवीस वर्षांपूर्वी कायद्याच्या नजरेत ते स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होते.

दीड वर्षात हे गाव रिकामे होऊ लागले.

ही हकीकत सहसा ‘रेल्वे आली नाही म्हणून गाव मेले’ अशा एका ओळीत सांगितली जाते. ती ओळ चूक नाही, पण अर्धी आहे. कोणते निर्णय गावाच्या हातात होते, कोणते नव्हते आणि ‘गाव’ म्हणताना नेमके कोणाचे हित धरायचे, एवढेच इथे तपासायचे आहे. सार्वजनिक नोंदीत असलेली नावे तेवढी घेतली आहेत. बाकीची कुटुंबे निनावीच राहू दिली आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. केंटकी हे राज्य युद्धात उत्तरेच्या बाजूने राहिले होते. त्यामुळे लिंकनचा मुक्ततेचा जाहीरनामा तिथल्या गुलामांना लागूच झाला नाही. ते सुटले ते डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ते याच मुक्तीच्या आदरापोटी. पण अर्पणपत्रिकेची शाई वाळून चार वर्षे झाली नाहीत, तोच चित्र पालटले. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांवरचा केंद्रीय सैन्याचा पहारा उठला आणि जुन्या मालकांचा जोर परत आला. सुटलेल्या माणसांकडे हात होते, शेतीचे ज्ञान होते, जमीन मात्र नव्हती. दुसऱ्याच्या रानात वाट्याने राबायचे आणि वर्षाअखेर हिशेबात उणेच निघायचे, असा बहुतेकांचा संसार.

कॅन्ससमध्ये जमीन होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कोणालाही १६० एकर मिळत होते. थोडी नोंदणी फी भरायची, पाच वर्षे तिथे राहायचे आणि जमीन कसून दाखवायची. एप्रिल १८७७ मध्ये ‘निकोडेमस टाउन कंपनी’ स्थापन झाली. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ आणि चिटणीस धर्मोपदेशक सायमन राउंडट्री हे दोघे कृष्णवर्णीय. जमिनीचा व्यवहार जाणणारा डब्ल्यू. आर. हिल मात्र इंडियाना राज्यातून आलेला गोरा दलाल. निकोडेमस हे नाव बायबलमधल्या माणसावरून नव्हे, तर स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेल्या एका गुलामाच्या लोककथेवरून घेतल्याचे मानले जाते.

कंपनीने काढलेली पत्रके आजही वाचायला मिळतात. केंटकीतल्या लेक्सिंग्टन गावी वाटलेल्या एका पत्रकात ५ सप्टेंबर १८७७ ला कॅन्ससला निघण्यासाठी ५ डॉलर भरा, असे आवाहन आहे. दुसऱ्या एका पत्रकात गावाची जागा टोपेका या राज्याच्या राजधानीच्या पश्चिमेला २४० मैलांवर, विस्तीर्ण सॉलोमन खोऱ्यात असल्याचे सांगून, याहून सुंदर मुलूख आम्ही पाहिलेला नाही, असे छातीठोकपणे लिहिले आहे. जागा विकणाऱ्याची भाषा कुठल्याही काळात, कुठल्याही देशात सारखीच. पत्रकात जे नव्हते ते महत्त्वाचे : तिथे झाड जवळपास नव्हते, घर एकही नव्हते, आणि पाऊस वर्षाला २० इंचांच्या आसपास, तोही लहरी.

पहिला पेच : राहायचे की परतायचे

सप्टेंबर १८७७ मध्ये केंटकीहून तीनशेच्या वर माणसे आगगाडीने एलिस या स्टेशनावर उतरली. तिथून निकोडेमस ३५ मैल. बायकापोरांसह दोन दिवस चालत ती पोचली. पोचली म्हणजे काय, तर थांबा म्हटले तिथे थांबली. आधी आलेल्या मोजक्या कुटुंबांनी जमिनीत खोल्या खणल्या होत्या. उताराला बिळासारखे पोकळ करायचे, वर फांद्या आणि मुळांसकट कापलेली गवताची ढेकळे टाकायची आणि धुरासाठी भोक ठेवायचे. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन या बाईंची आठवण नोंदलेली आहे. त्यांनी नवऱ्याला विचारले, निकोडेमस कुठे आहे? जमिनीतून वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवून तो म्हणाला, ते काय ते. त्या रडू लागल्या.

पहिला खरा निर्णय इथे पडला. पन्नास-साठ कुटुंबांनी आल्या पावली पूर्वेकडची वाट धरली. हिलवर लोक इतके भडकले होते, की त्याला काही काळ लपून राहावे लागले, अशी कथा आहे. मागे राहिलेल्यांच्या धैर्याची गाणी नंतर झाली. तरी मला त्यात एक व्यवहारी बाजूही दिसते. परत जायला भाडे लागते. ज्यांच्याकडे ते उरले होते त्यांना निवड होती. बाकीच्यांना ती नव्हती. राहणाऱ्यांतले काही हौसेने राहिले, काही नाइलाजाने. पुढच्या दहा वर्षांत या दोघांतला फरक कोणाला सांगता आला नसता.

तो हिवाळा कसा काढला हे सांगावे तितके थोडे. सरपण नव्हते, म्हणून गव्याच्या वाळलेल्या शेणावर आणि सूर्यफुलाच्या काड्यांवर चूल पेटायची. पुरुष मजुरीसाठी रेल्वेच्या कामावर किंवा पूर्वेकडच्या शेतांवर निघून गेले. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी धान्य-मांस दिले म्हणून निभावले, असे निकोडेमसची घराणी अजून सांगतात. वसंतात नांगरणीला संपूर्ण वसाहतीत मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जनावरे. बाकी काम फावड्याने आणि कुदळीने. प्रेअरीची, म्हणजे त्या गवताळ माळाची, जमीन पहिल्यांदा फोडणे म्हणजे काय, ते गवताच्या मुळांचा विणलेला थर पाहिल्याशिवाय कळत नाही. लोखंडी फाळ आणि जोडी असूनही तिथे माणसे घायकुतीला येत.

कॅन्ससच्या इतर भागांतून आणि बाहेरूनही मदत मागवली गेली, आणि ती आली. पण १८७९ च्या सुमारास वसाहतीने ठरवले, की बाहेर हात पसरणे बंद करायचे. टाउन कंपनीही विसर्जित झाली. या निर्णयाची तारीफ सगळेच करतात. त्याची दुसरी बाजू पुढे येईलच.

भरभराटीची वर्षे

हा काळ भराभर सांगण्यासारखा आहे, कारण त्यात पेच कमी आणि कष्ट जास्त. पाऊस बरा झाला, गहू-मका उभा राहिला, बिळांतून माणसे ढेकळांच्या आणि मग लाकूड-दगडाच्या घरांत आली. झॅकरी फ्लेचर पोस्टमास्तर झाला. त्याची बायको जेनी हिने शाळा सुरू केली. फ्लेचरचे हॉटेल, किराणा दुकाने, औषधांचे दुकान, घोड्यांचा तबेला, बँक, चर्चे, बेसबॉलचा संघ असा सगळा थाट उभा राहिला. १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि १८८७ मध्ये ‘निकोडेमस एंटरप्राइज’ अशी दोन वर्तमानपत्रे निघू लागली. काही दुकानदार गोरे होते आणि त्याचे कोणाला फारसे वाटत नव्हते. १८७८ मध्ये इथे आलेला एडवर्ड मॅकेब आधी ग्रॅहॅम काउंटीचा, म्हणजे निकोडेमस ज्या जिल्ह्यात येते त्याचा, कारकून झाला आणि १८८२ मध्ये संपूर्ण कॅन्सस राज्याचा लेखापरीक्षक म्हणून निवडून आला. तोवर तिथे राज्य पातळीवरचे पद कोणा कृष्णवर्णीयाला मिळाले नव्हते.

मूळ अडचण : धान्य न्यायचे कसे

गव्हाचे एक बुशेल म्हणजे ६० पौंड. एका घोडागाडीत साधारण ५० बुशेल, म्हणजे ३,००० पौंड माल मावतो असे धरू. एलिसला जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस. पूर्वेला स्टॉकटन वीसेक मैलांवर. तिथवर मिसूरी पॅसिफिकची शाखा आली, तेव्हा खेप दोन दिवसांवर आली. तरीही सुगीत माणूस आणि घोडे रस्त्यावर अडकत. भाव पडला तर माल परत आणता येत नसे, मिळेल त्या भावाला टाकावा लागे. येताना लाकूड, कोळसा, तार, मीठ आणायचे, म्हणजे प्रत्येक वस्तूवर वाहतुकीचा भुर्दंड.

इथे एक गोष्ट नीट वेगळी काढली पाहिजे. शेतकऱ्याची गरज होती जवळ स्टेशन असण्याची. ते गावाच्या चौकात असो की सहा मैलांवर, त्याला फरक होता तो अर्ध्या दिवसाचा. दुकानदाराची, हॉटेलवाल्याची, प्लॉट धरून बसलेल्याची गरज वेगळी होती. स्टेशन त्याच्या दारात हवे, नाहीतर ते त्याच्या मुळावर येणार. आपल्याकडे गावठाण आणि शिवार हे दोन शब्द वेगळे आहेत, ते उगाच नाहीत. निकोडेमसमध्ये १८८७ साली दोघांचे हित एकच आहे असे सगळे धरून चालले होते, आणि वर्तमानपत्रे तर गावठाणाचीच होती.

काळही तसाच होता. पश्चिम कॅन्ससमध्ये त्या दोन-तीन वर्षांत पूर्वेकडचा पैसा धो धो येत होता. जमिनी गहाण पडत होत्या, प्लॉटांचे भाव चढत होते. रेल्वे कंपन्या एकमेकींच्या मुलखात शाखा घुसवत होत्या. मिसूरी पॅसिफिक जे गूल्ड या बड्या भांडवलदाराच्या हाती होती आणि युनियन पॅसिफिक तिची प्रतिस्पर्धी. ग्रॅहॅम काउंटीत कोण आधी रूळ टाकतो याची चुरस होती. या चुरशीत आपला फायदा होईल असा गावाचा होरा होता.

समोरचे पर्याय

त्या घडीला निकोडेमसपुढे काय काय होते?

एक तर रोखे मंजूर करून एका कंपनीला बांधून घेणे. ही त्या काळची रूढ रीत होती. रोखे साधारणपणे रूळ ठरल्या मुदतीत पूर्ण झाल्यावरच हाती द्यायचे असत, त्यामुळे कंपनी आली नाही तर पैसा वाचे. धोका पैशाचा नव्हता, वेळेचा होता : एका कंपनीच्या भरवशावर दुसरीशी बोलणे राहून जाते.

दुसरा पर्याय जो येईल त्याला जागा फुकट देण्याचा. रोख रक्कम नको, रुळाला पट्टा घ्या, स्टेशनला आणि यार्डाला जमीन घ्या. पण स्टेशनालगतची जमीन म्हणजेच ज्यातून दुकानदारांना कमवायचे होते ती. ती देऊन टाकायला गावठाण तयार झाले असते का, याची मला शंका आहे.

तिसरा पर्याय धीर धरण्याचा. रूळ कुठून जातो ते बघायचे आणि मग आख्खे गाव उचलून तिकडे न्यायचे. वाचायला विचित्र वाटते, पण प्रेअरीवर हे सर्रास होत असे. घरे लाकडी आणि हलकी, जमीन सपाट. खाली ओंडके घालून, घोडे जुंपून इमारती मैलोगणती ओढून नेत.

आणि चौथा, काहीच न करण्याचा. स्टॉकटन आहेच, शेती चालू आहेच. त्या वर्षीच्या उत्साहात हे कोणी मोठ्याने म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

१६,००० डॉलर हा आकडा किती मोठा, हे आजच्या पैशात सांगून समजत नाही. त्याच काळच्या मापाने पाहू. पाच वर्षे वाट न पाहता सरकारी जमीन विकत घ्यायची, तर कायद्याने किमान दर एकरी सव्वा डॉलर होता, म्हणजे १६० एकरांना २०० डॉलर. १६,००० म्हणजे अशा ८० शेतांची किंमत. दहा वर्षांपूर्वी फावड्याने जमीन फोडणाऱ्यांची ही बोली होती. ती वेडेपणाची म्हणता येणार नाही. आसपासची गावेही हेच करत होती.

काय केले आणि काय झाले

मतदान झाले, होकार आला. मिसूरी पॅसिफिकच्या माणसांनी मोजणी केली. वर्तमानपत्रांतून दर अंकात नवी आशा. मग वाटाघाटी रेंगाळल्या, पैशाच्या अटींवर एकमत होईना, आणि कंपनीने अंग काढून घेतले. स्टॉकटनच्या पुढे तिचा रूळ आलाच नाही.

१८८८ मध्ये युनियन पॅसिफिकची शाखा आली, पण सॉलोमनच्या दक्षिण तीराने. निकोडेमस उत्तरेला. कंपनीच्या कामगारांचा तळ नदीपलीकडे सुमारे सहा मैलांवर पडला आणि त्याचेच पुढे बोग हे गाव झाले. पुढे तीच शाखा हिल सिटीला गेली. हे गाव वसवणाऱ्याचे नाव त्यातच आहे : निकोडेमसची जमीन दाखवणारा तोच डब्ल्यू. आर. हिल. काउंटीचे ठाणेही त्याच वर्षी हिल सिटीला गेले.

कंपनीने निकोडेमसला का टाळले? कातडीचा रंग हे एक उत्तर नेहमी दिले जाते आणि त्या काळात ते अशक्य मुळीच नाही. पण त्याहून सरळ कारणही समोर आहे. वसलेल्या गावात स्टेशन बांधले तर प्लॉटांचा नफा गावकऱ्यांना. ओसाड जागी बांधले तर तो कंपनीला आणि तिच्या सोयऱ्यांना. या हिशेबाने गोऱ्यांचीही कितीतरी गावे रुळापासून दोन-चार मैलांवर वाळत गेली. माझे मत असे, की हिशेबाने निर्णय झाला आणि गावाचा राजकीय दबाव कमी पडल्यामुळे तो बदलला नाही. दबाव कमी का पडला, याचे उत्तर मात्र पुन्हा रंगाशी येते : ग्रॅहॅम काउंटीत कृष्णवर्णीय अल्पसंख्य होते. मॅकेबसारखा माणूस होता, पण १८८६ मध्ये त्याची उमेदवारी गेली होती आणि पुढे तो ओक्लाहोमाकडे वळला. तिथे त्याने लँगस्टन हे गाव वसवले.

आता दुसरा, जास्त बोचरा निर्णय आला. बोगला जायचे की राहायचे? हा कोणी सभा घेऊन घेतला नाही. एकेका दुकानदाराने आपापला घेतला. पहिला गेला तेव्हा दुसऱ्याचे गिऱ्हाईक घटले, दुसरा गेला तेव्हा तिसऱ्याचे. काहींनी इमारतीसकट मुक्काम हलवला. जे घर काल निकोडेमसच्या चौकात होते, ते आठवड्याभरात नदीपलीकडे. वर्तमानपत्रे बंद पडली. ज्या गावात दोन छापखान्यांची भांडणे चालत, तिथे मृत्युलेख लिहायलाही कोणी उरले नाही.

शेतकरी मात्र गेले नाहीत. का जातील? जमिनीचे पट्टे त्यांच्या नावावर झाले होते आणि आता स्टेशन सहा मैलांवर आले होते. सकाळी गाडी जुंपली की गहू उतरवून संध्याकाळी घरी. ज्या रुळाने गावठाण मारले, त्यानेच शिवाराचे बळ वाढवले. रोखे न देता, हे विशेष.

पुढची वर्षे सोपी नव्हती. १८८७ नंतर पश्चिम कॅन्ससमधला फुगा फुटला, कोरडी वर्षे आली, आणि गहाण जमिनी सोडून पुष्कळ लोक पूर्वेला गेले. निकोडेमसच्या शेतकऱ्यांपैकीही काही गेले. पण भोवतीच्या टाउनशिपमध्ये कृष्णवर्णीय कुटुंबांची शेती विसाव्या शतकात टिकली आणि त्यांच्यासाठी निकोडेमस हे चर्चचे, शाळेचे, मयताचे आणि लग्नाचे ठिकाण राहिले. बाप्टिस्ट चर्चची नवी इमारत १९०७ मध्ये झाली. नवी शाळा १९१८ मध्ये बांधली. टाउनशिपचे दगडी सभागृह १९३९ चे, मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून उभे राहिलेले. रेल्वे हुकल्यावर पन्नास वर्षांनी गावात नवी सार्वजनिक इमारत उभी राहते, याला मेलेले गाव कसे म्हणायचे?

१९३० च्या दशकातली धुळीची वादळे आणि दुसरे महायुद्ध यांनी जे केले, ते रेल्वेला जमले नव्हते. तरुण पोरे शहरांतल्या नोकऱ्यांना गेली. यंत्रे आली आणि १६० एकरांवर संसार चालेना. १९५३ मध्ये पोस्ट बंद झाले, १९६० मध्ये शाळा.

वेगळे काय करता आले असते

मागे वळून शहाणे होणे सोपे, तरी तीन जागा मला थांबायला लावतात.

पहिली जागा १८७९ ची. टाउन कंपनी मोडली ती मदतीच्या अवलंबित्वातून आणि दलालांच्या कचाट्यातून सुटण्यासाठी, आणि ते बरोबरच होते. पण तिच्या जागी सगळ्या गावाच्या जमिनीच्या वतीने बोलू शकेल अशी दुसरी संस्था उभी राहिली नाही. १८८७ मध्ये रेल्वेशी बोलायला होते कोण? टाउनशिपचे पदाधिकारी, दोन संपादक आणि स्वतःचे प्लॉट सांभाळणारे व्यापारी. पट्टा, स्टेशनची जागा, पाणी असे एकत्र देऊ करायचे तर जमीनमालकांची एक मूठ लागते. ती नव्हती. रोखे हे एकच शस्त्र उरले, आणि ते तर प्रत्येक गावाकडे होते.

दुसरी जागा १८८८ च्या उन्हाळ्याची. मिसूरी पॅसिफिक मागे हटल्यावर आणि युनियन पॅसिफिकची रेघ नदीपलीकडे पडल्यावर, बोगला एकेकट्याने जाण्याऐवजी सगळ्यांनी मिळून जायचा विचार व्हायला हवा होता. शाळा, चर्चे, पोस्ट आणि नाव घेऊन. नदीपलीकडे निकोडेमस नावाचे स्टेशन झाले असते. अर्थात कंपनीने प्लॉट कोणत्या भावाने दिले असते आणि शेजार कोणाचा मिळाला असता, हा प्रश्न राहतोच. शिवाय निकोडेमसच्या मातीत तोवर थडगी झाली होती. बिळात पहिला हिवाळा काढलेल्या म्हाताऱ्यांना उठून चला म्हणायची कोणाची छाती? हा पर्याय मी कागदावर मांडतो आहे, त्यांच्या तोंडावर मांडू शकलो असतो असे नाही.

तिसरी जागा लहान वाटते, पण मला तीच महत्त्वाची वाटते. मतदानाआधी कोणीतरी शेतकऱ्यांना सरळ विचारायला हवे होते : स्टेशन सहा मैलांवर आले तर तुमचे काय बिघडते? उत्तर आले असते, फारसे काही नाही. मग रोख्यांचा बोजा शेतसाऱ्यावर का, हा प्रश्न पुढचा. तो विचारला गेला असता, तर गावठाणाला स्वतःची बाजू वेगळी मांडावी लागली असती, आणि कदाचित नुसत्या दुकानांपलीकडे गावाला कारण शोधावे लागले असते. ते कारण नंतर सापडले, पण पन्नास-साठ वर्षांनी आणि आपोआप.

पुढचा निर्णय, शंभर वर्षांनी

दर ऑगस्टच्या सुरुवातीला निकोडेमसमध्ये मुक्तिदिन साजरा होत असे. वसाहतीच्या अगदी पहिल्या वर्षांपासूनची ही रीत. तारीख १ ऑगस्टची, म्हणजे १८३४ साली वेस्ट इंडिजमधल्या ब्रिटिश वसाहतींत गुलामी उठली तिची. स्वतःच्या सुटकेचा दिवस डिसेंबरातला, कॅन्ससच्या थंडीत मेळा भरवण्याजोगा नाही, हेही त्यामागचे एक कारण असावे. गाव रिकामे झाले तरी हा मेळा थांबला नाही. गेलेली घराणी डेन्व्हरहून, टोपेकाहून, कॅलिफोर्नियातून परत येत राहिली. घरच्या शेतावर वाढलेला आणि पुढे ग्रीन बे पॅकर्स या संघाकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेला व्हेरिल स्विट्झर हा त्यांच्यातलाच.

म्हणूनच १९७० च्या दशकात प्रश्न उभा राहिला तेव्हा उत्तर द्यायला माणसे होती. उरलेल्या इमारती पडू द्यायच्या, की वाचवायच्या? आणि वाचवायच्या तर कोणाच्या ताब्यात? १९७६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळचिन्हाचा दर्जा मिळाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अँजेला बेट्स या निकोडेमसच्याच वंशजांनी गावाची इतिहास संस्था सुरू केली आणि राष्ट्रीय उद्यान सेवेला आत आणायचा आग्रह धरला. नोव्हेंबर १९९६ मध्ये कायदा होऊन ते राष्ट्रीय ऐतिहासिक ठिकाण झाले. पाच इमारती त्यात येतात : सभागृह, शाळा, दोन चर्चे आणि फ्लेचरचे जुने हॉटेल.

सरकारी छत्राखाली जाण्यात धोका होता. गावाचे संग्रहालय होते आणि माणसे देखाव्यातली बाहुली. निकोडेमसने तडजोड अशी केली, की इमारतींच्या मालकीचा प्रश्न एकदम न सोडता सेवेला आधी गाईड आणि दुरुस्तीच्या रूपात येऊ दिले. सभागृहात माहिती केंद्र उघडले, पण मेळ्याच्या दिवशी त्याच सभागृहात जेवणाच्या पंगती पडतात.

शिवाराचे काय? तेही आता पूर्वीसारखे नाही. वाटण्या झाल्या, वारस दूर गेले, बरीच जमीन मोठ्या शेतकऱ्यांकडे खंडाने गेली. कायम मुक्कामाला दोन डझन माणसेही नाहीत. रेल्वेने ज्याला मोठे केले त्या बोगमध्येही आता दोनशे वस्ती भरत नाही. निकोडेमसच्या समोरून मात्र हमरस्ता क्रमांक २४ जातो. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, म्हणजे आता मेळा भरतो तेव्हा, त्यावर बाहेरच्या राज्यांच्या नंबरप्लेटच्या गाड्यांची रांग लागते, आणि सगळ्या गाड्या निकोडेमसला वळतात.